ज्याची फी घेत होतो ते फुकट झालं

प्रश्न सांगलीच्या एका मुलाचा आहे. आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) संपत आलीय, सीए फायनलचा एक ग्रुप राहिलाय. तो विचारतो: "सर, क्लायंट आता जीएसटीच्या नोटिशीचं उत्तर चॅटजीपीटीकडून लिहून घेऊन येतात आणि म्हणतात, फक्त एकदा बघा आणि अपलोड करा, फी निम्मी घ्या. दहा वर्षांनी आपल्या ज्ञानाला किंमत राहील का? स्वतःची प्रॅक्टिस सुरू करू की मोठ्या कंपनीत नोकरी धरू?" माझी प्रॅक्टिस कोल्हापुरात आहे. क्लायंट बहुतेक फौंड्रीवाले, मशिन शॉपवाले आणि गूळ मार्केटमधले व्यापारी. तिथून जे दिसतं ते सांगतो.

आधी फीचं बोलू. प्रश्नाला तू ज्ञानाची किंमत असं नाव दिलं असलंस तरी पोटात फीच आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आपण बिलात काय लिहितो ते आठव. आयकर रिटर्न, इतके. टॅक्स ऑडिट, इतके. जीएसटीचं महिन्याचं काम, इतके. नोटिशीला उत्तर, बँकेच्या कर्जासाठी सीएमए डेटा (धंद्याच्या आकड्यांचा तक्ता), त्याचे इतके. प्रत्येक ओळीत एक कागद आहे आणि कागद हातात पडला की बिल होतं. आता त्याच क्लायंटनं वर्षभर फोनवर काय विचारलं ते आठव. "सर, एकच मिनिट, भावाच्या नावानं गाळा घेतला तर चालतंय का?" "पार्टी मागच्या तारखेचं बिल मागतीय, देऊ का?" "भागीदार बाहेर पडतोय, कागद कसे करायचे?" यातल्या एखाद्या 'नको'नं त्याचे काही लाख वाचलेले असतात. त्याचं बिल आपण कधी केलं नाही. चहा पिता पिता सल्ला द्यायचा आणि फी मात्र कागदाची घ्यायची, ही आपली पिढीजात रीत. त्यामुळे क्लायंटची समजूत अशी झाली की किंमत कागदाला आहे.

एआयनं नेमका कागद स्वस्त केला. म्हणजे ज्याची फी घेत होतो ते जवळपास फुकट झालं आणि जे फुकट देत होतो ते विकायला आपल्याला येत नाही. माझ्या मते आपल्या धंद्यापुढची खरी अडचण एवढीच आहे. यंत्र हुशार किती, ही चर्चा मला त्यापुढे दुय्यम वाटते.

कागद स्वस्त होण्याची सुरुवातही एआयनं केलेली नाही. 'सरल' फॉर्म भरून ३१ जुलैला आयकर ऑफिसच्या पायरीवर रांग लावणारे आणि पोचपावतीवर शिक्का मारून घेणारे लोक माझ्या पिढीनं पाहिलेत. ते गेलं, ऑनलाइन रिटर्न आलं. ऑगस्ट २०२० पासून जीएसटीत टूबी, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची किती वजावट मिळेल त्याचं विवरण, आपोआप तयार होऊन यायला लागलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये आयकराचं एआयएस, म्हणजे वर्षभराच्या व्यवहारांचं विवरण, आलं आणि बँकेचं व्याज, शेअरची विक्री, लाभांश सगळं सरकारनंच मांडून ठेवलं. पगारदार माणसाच्या रिटर्नमध्ये सीएनं करण्यासारखं तेव्हाच फारसं उरलं नव्हतं. त्या कामाची फी टिकली ती लोकांच्या धास्तीवर. धास्ती गेली की ती फीही जाणार, तिच्यासाठी रडू नकोस.

एआयनं जे नवीन नेलं ते वेगळं आहे, आणि आपण ते उघड बोलत नाही. आपल्या भागात वकील, सीए, कन्सल्टंट यांची बरीचशी पत इंग्रजीची होती. नोटीस इंग्रजीत येते. फौंड्रीच्या मालकाला वितळलेल्या लोखंडाचा रंग बघून तापमान कळतं, पण 'व्हाय शुड नॉट' असली चार ओळींची वाक्यं कळत नाहीत. तो ती नोटीस घेऊन यायचा आणि आपण चष्मा लावून वाचायचो. त्या वाचण्यातच अर्धी फी वसूल व्हायची. आज तो मोबाइलवर फोटो काढतो आणि मराठीत विचारतो, ही नोटीस कशाची आहे, किती दिवस आहेत, किती पैसे मागतायत. उत्तर बहुतेक वेळा बरोबर येतं. हे चांगलं झालं, असं मी मनापासून म्हणतो. माणसाला स्वतःच्या घरी आलेला कागद वाचता यायला हवा. ज्यांचा सगळा डोलारा क्लायंटला वाचता येत नाही यावर उभा होता, त्यांनी तक्रार कुणाकडे करायची?

आता एक प्रकरण जरा खोलात सांगतो, म्हणजे उरलेली किंमत कुठे आहे ते दिसेल.

शिरोली एमआयडीसीतला एक कास्टिंगवाला, म्हणजे ओतीव लोखंडी भाग बनवणारा. उलाढाल पाच कोटींच्या आत. त्याला २०२१-२२ या वर्षाच्या रिटर्नमधल्या तफावतीबद्दल जीएसटीची एएसएमटी-१० नोटीस आली: तुमच्या ई-वे बिलांची (माल गाडीनं पाठवताना काढायची बिलं) बेरीज जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रातल्या आकड्यापेक्षा सव्वा कोटीनं जास्त आहे, खुलासा करा. सव्वा कोटीवर १८ टक्क्यांनी साडेबावीस लाख कर, वर व्याज. पोरगा इंजिनिअर, चुणचुणीत. त्यानं नोटीस एआयला दिली आणि उत्तर लिहून घेतलं. उत्तर घेऊन ते माझ्याकडे आले. मसुदा बघून मी खरंच म्हटलं, इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे. सुटसुटीत परिच्छेद, कलमांचे क्रमांक बरोबर, भाषा अदबीची. मजकुराचा सारांश असा: आमच्या लेखा विभागाकडून अनवधानानं काही पुरवठा विवरणपत्रात दाखवायचा राहून गेला, आम्ही दिलगीर आहोत, करचुकवेगिरीचा हेतू नव्हता, तफावतीवरचा कर हप्त्यानं भरू द्यावा.

हा कागद अपलोड झाला असता तर काय झालं असतं ते समजून घे. त्या वर्षाला लागू असलेल्या जीएसटीच्या कलम ७३ मध्ये साधी चूक धरली जाते, दंड कराच्या १० टक्के, म्हणजे इथे सव्वादोन लाख. कलम ७४ फसवणुकीचं आणि माहिती दडवण्याचं, तिथे दंड कराइतकाच, साडेबावीस लाख. कलम ७४ च्या खाली स्पष्टीकरण आहे: रिटर्नमध्ये जे दाखवायला हवं होतं ते न दाखवणं म्हणजेच दडवणं. पोरानं सौजन्यापोटी जे वाक्य लिहून घेतलं ते अधिकाऱ्याला आयता कबुलीजबाब होतं. हेतू नव्हता असं पुढे म्हटलंय खरं, पण ते सिद्ध करत बसायची पाळी आता आपल्यावर.

आणि मुख्य म्हणजे ते खरंही नव्हतं. मी बापाला एकच विचारलं, "माल मशिनिंगला बाहेर जातो का?" तो म्हणाला, "जातोय की, बेळगावला, उद्यमबागेत." झालं. कोल्हापूरहून बेळगावला माल गेला म्हणजे राज्य ओलांडलं. जॉबवर्कसाठी, म्हणजे आपल्या मालावर दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, दुसऱ्या राज्यात माल पाठवताना रक्कम कितीही असो, ई-वे बिल लागतंच. टेम्पो गेला की बिल फाटतं, पण विक्री झालेलीच नसते. कास्टिंग मशिनिंग होऊन परत येतं आणि मग पुण्याच्या कंपनीला विकलं जातं, तेव्हा दुसरं ई-वे बिल. एकाच मालाची दोन बिलं, विक्री एकदाच. सव्वा कोटीतले बहुतेक तिथेच सापडले.

पण हे अधिकाऱ्याला नुसतं सांगून भागत नाही. ई-वे बिलावर 'जॉब वर्क' असा उपप्रकार निवडायचा असतो. ट्रान्सपोर्टच्या पोरानं निम्म्या बिलांवर 'अदर्स' निवडून ठेवलेलं. मग मालासोबत जाणाऱ्या चलनांची बुकं काढली. ती ऑफिसात नव्हतीच, स्टोअरमध्ये पॅटर्नच्या रॅकमागे होती, काजळी बसलेली. गेट रजिस्टरात टेम्पो नंबर, गेलेलं वजन, आलेलं वजन. आणि इथे दुसरा खड्डा. गेलेलं वजन आणि आलेलं वजन जुळत नव्हतं, कारण मशिनिंगमध्ये कास्टिंगचं वजन घटतं आणि बोरिंगचा चुरा मशिन शॉपवाल्याकडे राहतो. तो चुरा कुणी विकला, त्यावर कर कुणी भरला, हा प्रश्न अधिकारी विचारणारच. जॉबवर्कर नोंदणीकृत असेल तर त्याला तो भंगार म्हणून कर भरून विकता येतो, कायद्यात तशी सोय आहे. पण बेळगाववाल्यानं तसं केलंय का, हे फोन करून विचारावं लागलं. शिवाय एका वर्षाच्या आत माल परत आला नाही तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात, म्हणून जुन्या चलनांतला माल खरंच परत आला की नाही तेही बघितलं. आयटीसी-०४ हा जॉबवर्कचा फॉर्म त्यानं भरलेला नव्हता. ती चूक होती आणि ती कबूल करायची होती, पण तेवढीच. साडेबावीस लाखांच्या चुकीची कबुली देण्यात आणि एक फॉर्म राहिल्याची कबुली देण्यात किती अंतर आहे, हे तुला वेगळं सांगायला नको.

शेवटी उत्तर लिहिलं कुणी? मसुदा एआयनंच लिहिला. मी हाताशी आलेल्या गोष्टी क्रमानं सांगितल्या, तक्ता दिला, काय म्हणायचं नाही तेही सांगितलं. दहा मिनिटांत झालं. पूर्वी त्याला माझी एक संध्याकाळ जायची.

एक गोष्ट यंत्राच्या बाजूनंही सांगितली पाहिजे. मी नंतर मुद्दाम त्याच एआयला विचारलं, ई-वे बिल आणि विक्री यांत तफावत येण्याची कारणं सांग. त्यानं यादी दिली आणि जॉबवर्क त्यात वरच होतं. म्हणजे त्याला माहीत नव्हतं असं अजिबात नाही. पोरानं "उत्तर लिहून दे" म्हटलं, त्यानं उत्तर लिहून दिलं. समोरच्याचा प्रश्नच चुकीचा असू शकतो अशी शंका त्यानं घेतली नाही. उद्या कदाचित तेही घेईल. आताच काही ठिकाणी उलट प्रश्न विचारायला लागलंय. तेव्हा "यंत्राला हे कधीच जमणार नाही" या भरवशावर तू धंदा उभा करू नकोस. मी पैज लावीन ती वेगळ्या गोष्टीवर. स्टोअरमध्ये जाऊन काजळी झटकून ते बुक बाहेर काढणं, बेळगाववाल्याला फोनवर बोलतं करणं, आणि बापलेक दोघांसमोर "हे वाक्य लिहायचं नाही" असं ठामपणे सांगून त्याची जबाबदारी घेणं, याला बाजारात गिऱ्हाईक राहणार.

जबाबदारीवरून निघालंय तर त्याचं बोलतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं जवळपास २८ कोटींचं उत्पन्न धरणारा एक आयकर निर्धारण आदेश रद्द केला. अधिकाऱ्यानं आधार म्हणून दिलेले निकाल अस्तित्वातच नव्हते. न्यायालयानं बजावलं की एआयच्या काळात यंत्रानं पुढे टाकलेलं न तपासता आदेशात वापरता येणार नाही. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये आयकर अपील न्यायाधिकरणाच्या बंगळूर खंडपीठानं दिलेला एक आदेश अशाच कारणानं मागे घ्यावा लागला. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांना खोटे निकाल दाखल केल्याबद्दल ५,००० डॉलर दंड झाला. ऑस्ट्रेलियात डिलॉइटला ४,४०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या एका सरकारी अहवालातल्या चुकीच्या संदर्भांपायी काही पैसे परत करावे लागले. यातला एकही अडाणी माणूस नव्हता. सगळे शिकलेले, अधिकाराच्या जागी बसलेले. त्यांनी कागद तयार केला आणि तो वाचायचं काम तेवढं सोडलं.

बघ, चारही ठिकाणी दंड, नामुष्की, परतावा माणसाच्या किंवा संस्थेच्या वाट्याला आला. सॉफ्टवेअरला नोटीस जात नाही. आपल्या सहीला आज जी किंमत आहे ती याचसाठी. जुलै २०१९ पासून आपल्या प्रत्येक प्रमाणपत्राला, ऑडिट रिपोर्टला यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लागतो. बनावट सह्यांच्या प्रमाणपत्रांना आळा घालायला तो आणला होता. पण त्याचा दुसरा अर्थ असा की कुठल्या कागदामागे तू उभा आहेस याची कायमची नोंद राहते. आपल्यात सहीची दुकानं चालवणारे आहेत, तुलाही दोनचार माहीत असतील. कागद न बघता, नेटवर्थ सर्टिफिकेटचा दर ठरलेला. एआयमुळे त्यांचा धंदा सुरुवातीला तेजीत येईल, कारण सुबक कागद मिनिटात तयार होतो आणि फक्त सही हवी असते. मग एखाद्या बँकेचं कर्ज बुडेल आणि त्या सुबक कागदाखालचं नाव शोधलं जाईल.

म्हणून "फक्त बघा आणि अपलोड करा, निम्मी फी घ्या" म्हणणाऱ्याला मी काय सांगतो? बघण्याची फी लिहिण्यापेक्षा जास्त आहे, असं सरळ सांगतो. दुसऱ्यानं लिहिलेलं तपासायला खरंच जास्त वेळ लागतो. स्वतः लिहिताना प्रत्येक आकडा कुठून आला ते ठाऊक असतं. तयार मसुद्यात प्रत्येक आकड्यावर, प्रत्येक निकालावर संशय घ्यावा लागतो. निकालाच्या संदर्भात खंडाचा क्रमांक आणि साल जुळत नसेल तर तिथेच थांबायचं. जुळत असेल तरी मूळ निकाल उघडून वाचायचा, आणि तो आपल्या बाजूचा आहे की उलट बाजूचा हेही बघायचं. निकाल खरा, पण त्यात करदाता हरलेला, असंही सापडतं.

शिवाय कायदा सरकत असतो. खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट (वजावट) उशिरा घेतलं म्हणून कलम १६(४) खाली हजारो नोटिसा निघाल्या होत्या. २०२४ च्या वित्त कायद्यानं कलम १६(५) घातलं आणि २०१७-१८ ते २०२०-२१ या चार वर्षांसाठी ३० नोव्हेंबर २०२१ पर्यंत भरलेल्या रिटर्नमधलं क्रेडिट मान्य झालं. ज्यानं जुन्या माहितीवर "क्रेडिट परत करा" असा सल्ला घेऊन पैसे भरले त्याला ते परत मिळाले नाहीत, दुरुस्तीतच तसं लिहिलंय. एआयला इंटरनेट जोडलेलं असलं तर तो आज हे बरोबर सांगतो. जोडलेलं नसलं तर तितक्याच आत्मविश्वासानं जुनं सांगतो, आणि दोन्ही उत्तरांचा थाट सारखाच असतो.

आता तुझ्या पिढीचं. मला खरी काळजी आहे ती इथे, फीची नाही.

माझ्याकडे ती "माल बाहेर जातो का" ही शंका कुठून आली? आर्टिकल असताना मी महिनोनमहिने व्हाउचिंग केलं. बिलाला बिल लावायचं, चलनाला चलन लावायचं, झोप यायची. त्या कंटाळवाण्या कामातून कधीतरी डोळा तयार झाला. लेजरवरून नजर फिरवली की एखादी नोंद बोचायला लागते. तेच काम आज सॉफ्टवेअर करतं आणि माझ्यापेक्षा बरं करतं. २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिपही तीन वर्षांवरून दोनवर आली. म्हणजे शिकायचा काळ कमी झाला आणि ज्या कामातून शिकायचं तेही गेलं. मग डोळा कसा तयार होणार?

कॉल सेंटरच्या पाच हजारांवर कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास अमेरिकेतल्या संशोधकांनी केला. एआयच्या मदतीनं नवख्यांची कामगिरी सुमारे ३४ टक्क्यांनी सुधारली, मुरलेल्यांना जवळपास काहीच फायदा झाला नाही. मालकाच्या डोळ्यानं बघितलं तर अर्थ सोपा आहे: नवखा आणि मुरलेला यांच्या रोजच्या कामातला फरक कमी झाला, मग मुरलेल्याला जास्त पगार का द्या? आणि पोलंडमध्ये आतड्याची दुर्बीण तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचं निरीक्षण २०२५ मध्ये लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात आलं. एआयची सवय लागल्यावर त्याच डॉक्टरांना एआयशिवाय तपासायला दिलं तेव्हा गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ वर आलं होतं. ते सगळे अनुभवी डॉक्टर. ज्यानं मुळात एआयशिवाय कधी तपासलंच नाही, त्याचं काय होणार याची कल्पना कर.

माझ्या ऑफिसात मी यावर एक पद्धत ठेवलीय. पोरांना ती जुनाट वाटते. नवीन नोटीस आली की आर्टिकलनं आधी क्लायंटच्या कारखान्यात किंवा दुकानात जायचं, ऑफिसात बोलावून घ्यायचं नाही. परत येऊन एका कागदावर मराठीत, हातानं, काय घडलं ते लिहायचं. कलम नको, निकाल नको. माल कुठून आला, कुठं गेला, पैसे कधी आले. तो कागद मी वाचणार आणि चार प्रश्न विचारणार. त्यानंतर एआय उघडायचं. मसुदा आला की त्यातला प्रत्येक निकाल मूळ ठिकाणी काढून दाखवायचा. वेळ जातो, कबूल. पण ज्या पोरीनं वर्षभर हे केलं ती परवा मला म्हणाली, "सर, या पार्टीचं वीजबिल वाढलंय आणि उत्पादन तेवढंच दाखवलंय." हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

एक सूचना जाता जाता. क्लायंटचं बँक स्टेटमेंट, पॅन, भागीदारीचा करार असलं काही फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकू नकोस. क्लायंटची माहिती त्याच्या संमतीवाचून बाहेर देणं हे आपल्या कायद्यात व्यावसायिक गैरवर्तन आहे, आणि "मी फक्त सारांश काढत होतो" हा बचाव शिस्तपालन समितीपुढे टिकेल असं मला वाटत नाही. नावं, नंबर काढून मगच मजकूर दे, किंवा ज्या सेवेशी तसा करार आहे ती वापर.

प्रॅक्टिस की नोकरी? मधल्या माणसाचं कठीण आहे, हे आधी ऐक. जुलैत काही शे रिटर्न भरायचे, महिन्याला ठरावीक जीएसटी, वर्षाला ठरावीक ऑडिट, सगळ्या प्रकारचे क्लायंट आणि कुणाच्याच धंद्यात फारसं डोकं घातलेलं नाही, अशी जी मधली प्रॅक्टिस होती तिच्यावरच चहूकडून दाब येणार. तू प्रॅक्टिस काढलीस तर एखाद्या धंद्याच्या पोटात शिर. तुमच्याकडे हळद आहे, बेदाणा आहे, द्राक्षं आहेत. सौद्यावर जाऊन बस. अडत्या, हमाल, कोल्ड स्टोरेजवाला यांच्यात पैसा कसा फिरतो ते बघ.

याचा उपयोग कसा होतो, त्याचं आमच्याकडचं उदाहरण गुळाचं. १८ जुलै २०२२ पासून पॅक करून लेबल लावलेल्या गुळावर ५ टक्के जीएसटी आला. यंत्राला विचार, गुळावर जीएसटी किती. पाच टक्के म्हणून सांगेल, आणि पॅक व लेबलचा मुद्दाही बहुधा सांगेल. पण हा नियम २५ किलोपर्यंतच्या पॅकिंगला आहे आणि आमच्या मार्केटचा पारंपरिक रवा (गुळाची ढेप) ३० किलोचा. किलोचे, पाच किलोचे, दहा किलोचे रवे वेगळे. त्यातले कुठले बारदानात गुंडाळून जातात, कुठल्यांवर छापील लेबल लागतं आणि गुजरातचा व्यापारी काय मागतो, हे ज्याला ठाऊक आहे त्यानं दिलेला पाच मिनिटांचा सल्ला व्यापाऱ्याला वर्षभर पुरतो.

फी मांडायची पद्धतही पहिल्या दिवसापासून वेगळी ठेव. कागदाचे पैसे कमी लाव, अगदी कमी लाव, कारण ते टिकणार नाहीत. वर्षाची एक सल्ल्याची रक्कम ठरव, लेखी दे, आणि त्यात काय काय येतं ते लिही: वर्षातून चार वेळा कारखान्यात येणार, मोठा व्यवहार करण्याआधी विचारायचं, नोटीस आली तर तथ्य गोळा करणं त्यातच. पहिले क्लायंट कुरकुरतील. माझ्याकडच्या जुन्या लोकांनीही कुरकुर केली, "सर, बोलायचे पण पैसे?" असं एकानं तोंडावर विचारलं. तो गेला नाही, पण पहिल्या वर्षी त्यानं निम्मीच रक्कम दिली आणि मीही घेतली. तू नवा आहेस, तुला जुनी सवय मोडायची नाही, ही तुझी जमेची बाजू आहे. एकाचं काम नीट झालं की बाजारात तोच सांगेल.

नोकरी धरायची असेल तरी धर, दोनतीन वर्षं चांगल्या ठिकाणी जाणार असतील तर ती वाया जात नाहीत. मुलाखतीत फक्त एक विचार: मला प्लँटवर पाठवणार का, की दिवसभर डॅशबोर्ड बघायचाय? एआयनं काढलेल्या अपवादांच्या यादीवर 'ओके' करत बसायचं काम असेल तर पगार कितीही देऊ देत, ती नोकरी घेऊ नकोस. आणि फायनलचा राहिलेला ग्रुप आधी काढ. बाकीचं सगळं त्याच्यानंतर.